फोटो नूतनने काढला

फोटो: मी. मागे मोठी मशीद. डावीकडे अर्धं मांजर.
ग्रुपवर लिहिलं: सुखरूप आहोत. हवा छान. फोटो नूतनने काढला.

नूतनने नाही काढला. कपाळाला काळी पट्टी बांधलेल्या एका माणसाने काढला. त्याच्या टाळूवर बारीक लाल ठिपके होते. असे ठिपकेवाले पुरुष इस्तंबूलभर फिरत होते, घोळक्याने, आइस्क्रीम खात. मला वाटलं, कुठेतरी दंगल झाली असणार. हॉटेलातली मुलगी हसत म्हणाली, हे केस लावून घ्यायला आलेले परदेशी पाहुणे. म्हणजे आपल्याकडे कांद्याचं रोप लावतात तसं, एकेक, ओळीने.

तेव्हापासून मला हसू आवरत नाही. बाकावर बसते, समोरून एखादं नवं वावर चालत जातं, आणि मी पुन्हा फुटते. कोणी विचारत नाही, काय झालं मॅडम. धुळ्यात मी अशी रस्त्यात एकटी हसले असते तर संध्याकाळच्या आत शिंदखेड्याला नणंदेकडे फोन गेला असता.

खरं काय ते इथेच सांगून टाकते, पुढे गोंधळ नको.

नूतन माझी मैत्रीण, धरणगावची. निघालो होतो दोघी. मुंबईच्या विमानतळाच्या दारात तिला फोन आला. तिच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या कितीतरी आधी. नूतन मागे फिरली. "तूही चल," म्हणाली. मी "हो" म्हटलं. तोंडाने "हो" म्हटलं आणि पाय आत गेले.

घरी सांगितलं नाही. माझा मुलगा भूपेंद्र पुण्याला असतो आणि माझं परतीचं तिकीट त्याच्या मोबाइलमध्ये आहे. आई एकटी आहे हे कळलं की तो ते त्याच दिवशीचं करणार. रागावून नाही, "आई, प्लीज" म्हणत करणार. आणि मला इतक्यात परत जायचं नाही. अजून अर्धं शहर बघायचं राहिलंय. नवरा गेल्यापासून मी कुठेही गेले की कोणाची तरी सोबत म्हणून जाते, लग्नाला, दवाखान्याला, साडी घ्यायला, आणि इथे पहिल्यांदाच सकाळी उठून वाटलं की आज उजवीकडे वळावं का डावीकडे, हे विचारायला कोणी

(ट्राम आली. वाक्य राहिलं.)

ट्राम. मागच्या बाकावर दोन मुली बोलतायत. एकीचं अडलं की ती म्हणते, "शे..."
दुसरी म्हणते, "शे, शे..."

हे तर आमच्या अहिराणीतलं "आहे"! शिंदखेड्याच्या पोरी! इथे! मी गर्रकन वळले. "कोठल्या शेतस वं तुम्ही?"

मुली उठल्या आणि मला जागा दिली.

मग कळलं की ते "शेय" आहे. तुर्की माणसाला शब्द सापडेना की तो "शेय" म्हणतो, आपण "ते हे" म्हणतो तसं. पण कानाला कोण सांगणार? दिवसभर अख्खं शहर माझ्याभोवती अहिराणी बोलत होतं. पोलीस: शे. बांगड्यांसारखे पाव विकणारा: शे. मोबाइलवर बायकोला काहीतरी समजावणारा घामाघूम गृहस्थ: शे, शे, शे! आहे, आहे, आहे. मी प्रत्येकाला मनातल्या मनात विचारत गेले, काय शे? कोठे शे? आणि एकटीनेच उत्तरं देत गेले.

फोटो: मी, पुलावर. मागे गळ टाकून उभ्या माणसांची रांग.
ग्रुपवर: मासे मिळतात. आम्ही खाल्ले नाहीत. फोटो नूतनने काढला.

खाल्ले. फोटो एका नवरीने काढला. पांढरा झगा, पायात खेळायचे बूट, हातात स्वतःचा गुच्छ. तिचा फोटोग्राफर पुलाचा कठडा न्याहाळत होता, नवरा फोनवर होता, तिला काही काम नव्हतं. माझे तेरा-चौदा फोटो काढले, दर वेळी खुणेने म्हणायची हनुवटी वर, हनुवटी वर. मग मी तिचे काढले.

फोटो: (नाही.) म्हातारा कपड्यांच्या दुकानाबाहेर खुर्चीत बसायला आला. खुर्चीत मांजर झोपलं होतं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग आत जाऊन दुसरी खुर्ची घेऊन आला. हा फोटो काढायला हात मोकळे नव्हते, मी टाळ्या वाजवत होते.

ग्रुपचं नाव "आपला बठ्ठा परिवार", बठ्ठा म्हणजे सगळा. त्यावर भूपेंद्रचा मेसेज: "नूतन मावशी एकाही फोटोत नाही?"
मी: "तिला फोटोत यायला आवडत नाही."
भूपेंद्र: "नूतन मावशीला???"

तीन प्रश्नचिन्हं बरोबरच होती. नूतन ओळख नसलेल्या लग्नातही स्टेजवर चढते. धरणगाव-पारोळ्याच्या किती अल्बमांत ती नवरीच्या बाजूला उभी असेल, त्या घरांना अजून पत्ता नाही.

मी नूतनला कळवलं. तिचं उत्तर आलं: "नात झाली! मी आजारी आहे म्हण."
"काय झालंय तुला?"
"बघ तूच. किरकोळ दे काहीतरी."

मी तिला सर्दी दिली.

बोट. एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणारी. हा काठ युरोप, तो आशिया, मध्ये चहा. समोरच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, मांडीवर पालेभाजीची पिशवी. तिने मला न विचारता एक संत्रं सोलून दिलं. मी खात होते. फोन वाजला.

अक्का.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, तानुबाई, शिंदखेड्याची. भूपेंद्र तिच्या मांडीवर वाढला, आजही तिच्यापुढे त्याचा आवाज बारीक होतो. या प्रवासाला तिनेच होकार दिला होता, एका अटीवर: नूतन शे ना संगे? मंग जा.

"ज्योती, नूतनले फोन दे."
"अक्का, तिला जरा सर्दी..."
"सर्दी कानले व्हयनी का? दे."

आता काय करणार? समोर एकच बाई होती. मी हात जोडले, फोनकडे बोट दाखवलं, कमरेत वाकून म्हातारी करून दाखवली. तिने संत्र्याचे हात पुसले आणि फोन असा घेतला, जणू तो तिलाच यायचा होता.

"एफेंदिम?"
"नूतन! कशी शे वं?"
"शेय..." बाईने माझ्याकडे पाहिलं. "शेय, शेय..."
"शे ना? जेवनी का?"
"शेय, नसिल देसेम..."
"बरं शे ना बठ्ठं?"
"तमाम, तमाम!"
"तमाम! दख, कशी बोलस!"

हसू दाबत मी बाकाची कड धरली.  अक्का बोलत सुटली. बाई मान हलवत होती, "आआ" करत होती, चुकचुकत होती, मध्येच स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून मोठं काहीतरी सांगत होती. दोघी हसल्या. कशाला हसल्या, देव जाणे. मग बाईने फोन परत केला आणि माझ्या गालाला हात लावला.

"ज्योती."
"हां अक्का."
"ती नूतन नही."
"अक्का, ती..."
"नूतन कोनं ऐकस का? समोरना तोंड उघाडस तवशी तिनी गाडी सुरू व्हस. हाई बाईनी मना गुडघा बठ्ठा ऐकी लिधा. कोन शे ती?"
"माहीत नाही, अक्का. बोटीतली बाई आहे."
"अन् नूतन?"
"धरणगावला. नात झाली तिला."
"म्हंजे तू एकटी शेस."
"हो."

 माझं उरलेलं शहर आता अक्काच्या एका शब्दावर होतं.

"फोन फिराव," अक्का म्हणाली.
"काय?"
"तुनं तोंड माले माहीत शे. तठे काय शे ते दखाड. शहनाज! व शहनाज! ते चित्र चालू कर!"

शहनाज शेजारची, कपडे शिवते. अक्काच्या फोनची सगळी बटणं तिच्या ताब्यात. पडद्यावर आधी अंधार आला. "अक्का, कॅमेऱ्यावरचं बोट काढा!" मी म्हटलं. मग अक्काचा एक कान, मग डोळा. मी फोन फिरवला.

"हाऊ मानूस पाखरेस्ले पाव का देस? पाखरं जाडी शेतस, तोच वाळेल शे."
"अक्का, ते बघा, मशिदीचे मिनार!" शहनाज म्हणाली.
"ते उभंच राहनार शे. मानसं दखू दे. ती पोर अन् तो पोऱ्या काय करी राहिनात?"
मी फोन बाजूला करायला लागले.
"राहू दे! दखू दे," अक्का म्हणाली. "शहनाज, तू नको दखू."
"मी कशाला बघते?" शहनाज बघत होती.

आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नाव आलं: भूपेंद्र.

वाजू दिलं. परत वाजलं. मी उचलायला गेले, काहीतरी भलतंच दाबलं, आणि सगळे एकाच पडद्यावर आले: अक्काचा डोळा, शहनाजची हनुवटी, पुण्यातल्या ऑफिसातला माझा मुलगा.

"आई, नूतन मावशीच्या जावयाने बाळाचा फोटो टाकलाय. आजी आहे त्यात. मधोमध."

तिला राहवलं नाही. तिला कधीच राहवत नाही.

"तू एकटी आहेस?" भूपेंद्र म्हणाला.

सर्दी तयार होती. जुळी बहीणही तयार होती, नूतनची, शपथ. मी म्हटलं, "हो. एकटीच आहे. पहिल्या दिवसापासून."
"आई, प्लीज. मी तिकीट बदलतोय. आज रात्रीचं मिळतंय."
"नको. मला इतक्यात यायचं नाही."

हे मी मोठ्याने बोलले. रुमालवाली बाई माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तुला काही झालं तर..."
"बदल," अक्का म्हणाली.
"कोण? अक्का? तुम्ही पण आहात? सांगा ना तिला!"
"तुलेच सांगस. तिकीट बदल. मांगे नको, पुढे कर. तिनी माले आते एकच काठ दखाडा. दुसरा बाकी शे."
"अक्का, ती तिथे एकटी आहे!"
"बोट भरेल शे, दखात नही का तुले?"
"आणि मीही बघतेय, भूपेंद्रभाऊ," शहनाज म्हणाली.
"तुम्ही नेमक्या किती जणी आहात?"

कोणी मोजलं नाही. बोट धक्क्याला आदळली, दोर पडला, सगळे एकदम उठले. रुमालवालीने पिशवी काखेत मारली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि मला दाराकडे ओढलं. फोनमधून भूपेंद्रचा आवाज आला, बारीक.

"आई... कुठल्या तारखेचं बघू?"
"आधी तिले उतरू दे रे," अक्का म्हणाली. "ज्योती, फोन सरळ धर, बठ्ठं आकाशच दखास!"