झाकण असलेली विहीर

"तुमच्यापुढे दोन वाटा," प्रितमने आवाज खाली आणला. "डावीकडे कंटेनरची रांग, उजवीकडे खारफुटी. आणि पाण्यात गिऱ्हा टपून बसलाय. बोला!"

टेबलाभोवतीची मुलं श्वास रोखून बसली होती. त्यांच्यात एकटी मोठी लियोरा. वडाळे तळ्याजवळच्या त्या कॅफेत तिने रीतसर तिकीट काढलं होतं. खेळाच्या नव्याकोऱ्या खोक्यावर छापलं होतं : 'रचना – प्रितम'.

खेळ तिच्या वडिलांचा होता. इनॉक न्हावा शेवा बंदरात कारकून. एका खलाशाने त्यांना एक पुस्तक दिलं होतं, 'दार उघडायचं असेल तर अमक्या पानावर जा' अशा जातीचं. त्यावरून त्यांनी टेबलाभोवती बसून खेळायची ही गोष्ट रचली, आणि परदेशी राक्षस हाकलून तिथे आपल्या खाडीतलं भूत, गिऱ्हा, बसवलं. शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस संपला की कॉलनीतली पोरं जमायची. उरणहून येणारा प्रितम सगळ्यांत वाह्यात, म्हणून सगळ्यांत लाडका. इनॉक गेले तेव्हा दुखवट्याच्या सात दिवसांत तो येऊन ढसाढसा रडला, आणि जाताना आठवण म्हणून खेळाचे नकाशे मागून घेऊन गेला.

एका पोराचा फासा उलटा पडला. त्याला गिऱ्ह्याने ओढून नेलं. प्रितमने त्याच्यापुढे गोड पोह्यांची वाटी सरकवली. "मेलेल्याला आधी वाटी! आपली स्टाईल आहे ही."

इनॉकच्या टेबलावर ती वाटी लियोराची आई भरायची. खोक्यावरचं नाव बदल, एवढंच सांगायला लियोरा आली होती. आता तेवढ्यावर भागणार नव्हतं.

"मी विहिरीत उतरते," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"चिरनेरच्या वाटेवरच्या. नकाशात झाकण आहे बघ."

"तिथं काही नाहीये, लियोरा. पुढं चल ना."

"झाकण काढलं. उतरले. काय दिसतं?"

मुलं पुढे सरकली. "सांगा ना, सर!"

प्रितम नकाशा उलटसुलट करत राहिला. विहिरीत काय आहे ते इनॉकनी कधी लिहिलंच नव्हतं. उतरणाऱ्याचा चेहरा बघून ते सांगत. आणि प्रितम त्यांच्या टेबलावर कधी विहिरीत उतरला नव्हता; घाबरायचा.

"नाय माहीत मला," त्याच्या तोंडून उरणची बोली निसटली.

"असं कसं? गेम तुम्हीच बनवलाय ना?" पूर्वी नावाची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली.

लियोराने प्रितमवरची नजर हलवली नाही. हेच तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नाय," प्रितमने मान खाली घातली. "हिच्या बाबांनी."

"नाव घे."

"इनॉककाकांनी."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "मग ताई, तू सांग! काय असतं विहिरीत?"

लहानपणी ती कितीदा तरी उतरली होती, आणि दर खेपेला बाबांनी तिला वेगळंच काही दाखवलं होतं. आजचा तिचा चेहरा बघून ते काय म्हणाले असते?

"खूप खोल आहे," ती म्हणाली. पुढचं सांगायला बाबाच हवे होते.

फासा मुठीत धरून पूर्वी वाट बघत राहिली.