रॉनच्या गाडीचा रंग

अरे, क्लाइव्हचं काय झालं ऐकलंत का? थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा जाईल.

आमच्या जुन्या मोटरसायकलींच्या क्लबात क्लाइव्ह ट्रँटर म्हणेल ती पूर्वदिशा. त्याला कळलं, की मिसेस प्रॉसरांच्या शेडमध्ये युद्धातली बीएसए मोटरसायकल पडून आहे. त्यांचा नवरा रॉन जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून गाडीला कुणी हात लावला नव्हता. बाई नव्वदीच्या पुढच्या, घर विकून लेकीकडे चाललेल्या. आणि नदीकाठच्या पबवाल्याला ती गाडी हवी होती छताला टांगायला! छताला! क्लाइव्हला चहा गोड लागेना. मला घेऊन तडक त्यांच्या दारात.

“टांगू नका हो तिला. आम्ही चालवू.”

“बोलायला काय जातंय,” मिसेस प्रॉसर म्हणाल्या. “ईस्टरला इथे चालू करून दाखवा. मला पसंत पडली तर तुमची. नाहीतर पबवाला आहेच.”

मग काय, अख्खा हिवाळा आम्ही क्लाइव्हच्या गॅरेजात. गाडीला मरून रंग होता, जाडाभरडा, ओघळलेला. क्लाइव्हने टाकीचा एक कोपरा खरवडला आणि खालून सैन्याचा हिरवा निघाला. मग पांढऱ्या रंगातला नंबर! क्लाइव्हचे डोळेच भरून आले.

“बेथ, हात लावू नकोस! श्वाससुद्धा तिकडे तोंड करून सोड!”

आमच्या लोकांचं असंच आहे. जुनी गाडी दिसली की आधी खरवडायची आणि खाली युद्ध शोधायचं. तो मरून रंग सगळा गेला. हिरवा त्याने तीनदा कालवला, दोनदा ओतून दिला. खाकी पिशव्या आल्या, पुढच्या दिव्यावर, युद्धात उजेड लपवायला घालायचे तशी, काळी झाकणी आली. बाईंना विचारावं असं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

ईस्टरला त्यांच्या दारात क्लाइव्हने किक मारली. पहिल्याच किकला चालू! मिसेस प्रॉसर काठी टेकत बाहेर आल्या, गाडीभोवती फिरल्या, त्या दिव्यापाशी थांबल्या.

“बंद कर ते.”

त्याने बंद केली.

“ही कुणाची?”

“रॉनचीच की! अगदी युद्धात होती तश्शी.”

“रॉन असल्याच गाडीवर निरोप पोचवायचा. फ्रान्समध्ये, अंधारात, दिव्यावर असलंच झाकण घालून. त्याच्याबरोबरचे तिघे मित्र परत आले नाहीत. युद्ध संपल्यावर सैन्याच्या लिलावात ही स्वस्त मिळाली म्हणून घेतली त्याने. आणि त्याच रात्री आईच्या दाराचा उरलेला रंग फासला तिला. म्हणाला, हिरवी असेपर्यंत मी हिच्यावर बसणार नाही. आणि तू मूर्खा, तोच रंग शोधून काढलास होय?”

क्लाइव्ह म्हणाला, “पुन्हा मरून करतो. स्प्रेने, एकदम गुळगुळीत.”

“स्प्रे कसला? ब्रशने कर. इथे, माझ्यासमोर. नाहीतर पबवाल्याला फोन लावते.”

म्हणजे बघा, ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीवरच्या एका ओघळासाठी अख्खी मीटिंग खाल्ली होती, तो अंगणात बादली उपडी घालून बसला आणि दाराच्या ब्रशने त्या सुंदर हिरव्यावर मरून फासायला लागला. नंबरापाशी येऊन थांबला.

“एवढा नंबर तेवढा ठेवू का?”

“नाही.”

फासला. ओघळ आला. त्याचं बोट आपोआप पुढे गेलं, तशी काठी आपटली. “राहू दे! रॉनचेही यायचे.”

संध्याकाळी त्यांनी कागद सही करून दिले. चहा नाही विचारला.

काल आम्ही ती लष्करी गाड्यांच्या जत्रेत नेली. फाटकावरचा माणूस हसला. “ही लष्करी रांगेत नाही चालायची साहेब. साध्या गाड्या तिकडे, शेताच्या टोकाला, शौचालयांच्या पलीकडे.”

मला वाटलं, आता क्लाइव्ह त्याला टाकीच्या रंगाखालचा सगळा इतिहास ऐकवणार. पण तो म्हणाला, “बरं.” आणि गेला ना गाडी घेऊन तिकडे!