बेकरीतल्या बाईचा शेवट

"देवळातनं आल्याबिगर पाण्याचा थेंबबी घ्यायचा न्हाय बघ," सासूबाईंनी, आक्कांनी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. एकेचाळीस वर्षांत पद्मावतीबाईंनी तो नियम मोडला नव्हता. आजही दर्शन करून त्या परतल्या; पण स्वयंपाकघरात न जाता आधी सुनेच्या खोलीत शिरल्या आणि उशीखालचं पुस्तक काढून मागची बाजू पुन्हा एकदा पाहिली. लेखिका कॅनडात राहते, असं तिथं छापलं होतं. कॅनडाचं हे चौथं पुस्तक.

संशय महिन्याभराचा होता. मुलगा ऋषभ शिरोली एमआयडीसीत इंजिनियर. त्याचे दोन मित्र बायकापोरांसकट कॅनडाला गेले होते. त्यानं पासपोर्ट नवे करून घेतले. आपण खोलीत गेलो की अपूर्वा फोन ठेवते. आणि आता ही पुस्तकं. वाचनालयातून एकाच देशाची पुस्तकं ओळीनं उगीच कोण आणतं? ही जायचीच तयारी. आपल्याला नेलं, तर रोजच्या दर्शनाला देऊळ कुठलं? आणि ठेवून गेले, तर या घरात बोलायचं कुणाशी?

विचारायला जीभ रेटत नव्हती, म्हणून पुरावा शोधायला त्या चोरून वाचू लागल्या. पुस्तकं इंग्रजीत होती, पण त्यांनी गारगोटीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजीच शिकवलेलं. पहिल्या पुस्तकात व्हिसाबिसा काही सापडलं नाही. सापडला एक म्हातारा, बर्फात रुतलेल्या घोड्याला भावकीची भांडणं सांगणारा. पद्मावतीबाई एकट्याच हसल्या आणि त्यांनी दचकून दाराकडे बघितलं. दुसऱ्यात गोठलेल्या तळ्यावर खोपटं घालून माणसं मासे धरत. जीवहिंसेची ती पानं त्यांनी भराभर उलटली, पण त्या तळ्याचं वर्णन मात्र परत परत वाचलं. जपाची माळ बोटांत थांबून राहायची. तिसरं संपलं तेव्हा पुढचं कधी येतंय याची वाट त्याच बघत होत्या, आणि स्वतःवरच चिडत होत्या.

चौथ्यात उन्हाच्या मुलखातून तिकडं गेलेली एक बाई होती. परक्या गावात बेकरी चालवायची. तिचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्या ते उघडणार, तोच दारात अपूर्वा येऊन उभी राहिली.

"लपवू नका, आई. तिसऱ्या पुस्तकावर तुमचं हळदीचं बोट उमटलंय की."

"मग तूच सांग. कधी निघताय?"

अपूर्वा पलंगाच्या कडेला टेकली. ऋषभला तिकडची नोकरी मिळालीय, कागद तिच्या सहीसाठी अडलेत, हे तिनं खाली बघतच सांगितलं. तिथली माणसं स्वतःच्या गावांविषयी काय लिहितात ते वाचते, मग सांगते, अशी दोन महिन्यांची मुदत तिनं ऋषभकडून मागून घेतली होती. ती आज संपत होती.

"या बाईचा शेवट मी तीनदा वाचला. ती तिथं रमली का न्हाय, कळंना झालंय. माझ्या मनात जे असंल तेच मला दिसतंय. तुम्ही वाचून सांगा."

"मी? तू जाऊ नयेस असंच मला वाटणार."

"म्हणून तर. तुम्ही खोटं बोलत न्हाय."

ही आपल्याला अडकवतेय की काय, असंही पद्मावतीबाईंच्या मनात येऊन गेलं. सुनेचे डोळे जागरणानं लाल होते. 

"सांगते," त्या म्हणाल्या. "असंल तसं सांगते."

दुपारभर त्या गॅलरीत बसून होत्या. प्रकरण सहाच पानांचं. बाई पहाटे दुकान उघडते, गुणगुणत काचेवरचं बर्फ खरवडते. शेजारीण विचारते, घरची आठवण येते का. ती उत्तर देत नाही. संपलं.

'उत्तर देत नाही.' पद्मावतीबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. एवढी एक ओळ दाखवली असती तरी काम झालं असतं, आणि खोटंही ठरलं नसतं. मग त्यांनी पुस्तक पहिल्यापासून चाळलं. सगळ्या पुस्तकात ही बाई याआधी एकदाही गुणगुणली नव्हती.

खाली ऋषभची गाडी लागल्याचा आवाज आला. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून वाढून घेतलेलं ताट त्यांनी झाकून ठेवलं आणि पुस्तकात बोट घालून त्या सुनेच्या खोलीकडे निघाल्या. बोट आता वरच्या, गुणगुणण्याच्या ओळीवर होतं.