बारा पोरी आणि उलटा तवा

मोगा जिल्ह्याचा कप जिंकून कॉलेजची कबड्डी टीम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत निघाली, तेव्हा बारापैकी अकरा जणींचे घसे बसले होते. बाराव्या किरतचा तेवढा शाबूत होता. ती ओरडलीच नव्हती. अख्खा मोसम तिने राखीव खेळाडू म्हणून बाकावर काढला होता, एक मिनिटही मैदानात उतरली नव्हती, आणि न खेळता ओरडायचं कशाच्या जोरावर, असं तिला वाटे.

कॅप्टन जसमेल ट्रॅक्टर चालवत होती. टीमच्या कोच ढिल्लों मॅडम कागदांवर सह्या करायला मागे थांबल्या होत्या, पण त्यांनी शब्द दिला होता : जिंकलात तर हायवेच्या धाब्यावर पोट फुटेस्तोवर नान. धाब्यापाशी आल्यावर जसमेलने ब्रेक मारला. दाराला कुलूप आणि वर पाटी : मालकाच्या मुलीचं लग्न, धाबा दोन दिवस बंद.

"बाई गं!" पालो किंचाळली. पालो म्हणजे टीमची वाघीण. आजच्या फायनलला तिने एकटीने अकरा गुण आणले होते आणि दर दहा मिनिटांनी सगळ्यांना ते सांगत होती. "अकरा गुण आणून मी साधी रोटी खायची?"

"माझ्या घरी चला," जसमेल म्हणाली. "बेबेने उडदाची डाळ करून ठेवलीय, टोपभर. ती पण त्याच लग्नाला गेलीय. घर आपलंच."

"आणि नान?"

"नान घरी करू. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, ते अर्ध्या तासात कळलं. बेबेने, म्हणजे जसमेलच्या आईने, खाऱ्या मठरीसाठी आणलेला मैदा पालोने परातीत ओतला आणि पाण्याने असा सैल भिजवला की भिंतीला लावला असता तर रंग दिल्यासारखा बसला असता. पुढे त्यात कोरडा मैदा घालत घालत त्याची एक जाडजूड पोळी झाली. ती नॉनस्टिक तव्यावर पडली. पालोने कुठेतरी पाहिलं होतं की तवा आचेवर उलटा धरायचा असतो. तिने मोठ्या ऐटीत तवा उलटा केला. पोळी सुळकन सुटली आणि थेट शेगडीवर पडून भडाभडा पेटली.

पोरी हसून हसून जमिनीवर लोळल्या. किरतही हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडून निसटलं, "अगं, ह्या तव्याला काही चिकटतच नाही, म्हणून तर लोक तो विकत घेतात. लोखंडी तवा लागतो. आणि मैदा दह्यात भिजव."

अकरा माना वळल्या.

"तुला काय माहीत?" पालोने विचारलं.

"माझे डॅडी जगरांवच्या धाब्यावर तंदूरवाले आहेत," किरत म्हणाली. "कोपरापर्यंत हाताला एक केस नाही त्यांच्या, सगळे जळून गेलेत. दिवसभर तंदुरात हात घालणारा माणूस घरी चुलीकडे बघत पण नाही. म्हणून दर रविवारी नान मी करते. तव्यावर. डॅडी नुसते खाटेवर बसून नावं ठेवतात."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" जसमेलने कपाळावर हात मारला.

"कुणी विचारलं कुठे?"

दही आलं, गरम दूध आलं, चिमूटभर सोडा, मीठ, साखर, पळीभर तेल. किरतने बाह्या वर केल्या आणि दोन परातींतला मैदा तिंबायला घेतला. तो लोण्यासारखा मऊ झाला, पण हवा थंडीची होती. ह्या गारठ्यात पीठ फुगायचं कसं? तिने अंगणात नजर फिरवली. "ट्रॅक्टरचं बॉनेट अजून गरम असेल," ती म्हणाली. पीठ जसमेलच्या शालीत गुंडाळून बॉनेटवर तान्ह्या बाळासारखं ठेवलं गेलं, आणि बाळाला झोप लागावी म्हणून की काय, पालोने ट्रॅक्टरचा टेप मोठ्याने लावला. तासभर सगळ्या ट्रॅक्टरभोवती गिद्दा नाचल्या. मधूनमधून किरत शाल उचलून बघे आणि सगळ्या ओरडत, "फुगलं? फुगलं?"

"फुगलं!" किरत एवढ्याने ओरडली की तिची तीच दचकली.

आता लोखंडी तवा. तो होता, पण जसमेलला आठवलं की बेबेने तो कोंबड्यांच्या खुराड्याच्या तोंडाला लावलाय. पालो धावत गेली आणि तवा ओढून घेऊन आली. खुराड्याचं तोंड उघडं पडलंय हे सात कोंबड्या अंगणभर पसरल्यावरच सगळ्यांच्या ध्यानात आलं.

मग जे झालं त्याला काही नियम नव्हते. जिल्ह्याच्या विजेत्या संघाने सात कोंबड्यांवर चढाई केली. जसमेलने घोट्याची पकड करायला सूर मारला आणि हातात दोन पिसं आली. ज्या पालोला आज कुणी शिवू शकलं नव्हतं, तिला एक कोंबडी दोन पायांमधून चकवून गेली. "फाऊल! फाऊल!" पालो ओरडत होती. शेवटी ट्रॉलीत मूठभर दाणे टाकले, तेव्हा बाईसाहेब आपल्या पायांनी चढल्या आणि फळी लावली गेली.

तवा राखेने घासून तापेपर्यंत किरतने हुकूम सोडायला सुरुवातही केली होती. "तू गोळे कर. तू लाट, लांबट, पानासारखा. वर कलौंजी दाब. पालो, तू पाणी लाव, मागच्या बाजूला, चांगलं ओलं कर, लाजू नकोस!" ओला नान तिने तव्यावर थापला. चर्र झालं. वर टपोरे फुगे आले. किरतने तवा उचलला आणि शेगडीवर उलटा केला.

सगळ्यांनी श्वास रोखले. पालोने तर डोळेच मिटले.

नान पडला नाही. वटवाघळासारखा लटकून राहिला, त्याच्या पाठीवर तांबूस ठिपके उमटले, आणि घरभर असा वास सुटला की कुणाला राहवेना. उलथण्याने सोडवून, लोण्याचा गोळा फासून, पहिला नान किरतने जसमेलच्या हातात ठेवला. तो तिच्या तोंडापर्यंत पोचलाच नाही. सहा हातांनी त्याचे सहा तुकडे झाले.

पुढे मोजदाद उरली नाही. लाटणारी नाचत लाटत होती, पाणी लावणारी निम्मं पाणी शेजारणीवर उडवत होती. पालोने आपल्या अकरा गुणांचा विषयच काढला नाही, कारण तोंड रिकामं नव्हतं.

जसमेलचा फोन मिळाल्यावर आलेल्या ढिल्लों मॅडम स्कूटरवरून उतरल्या तेव्हा त्यांना आधी ट्रॉलीतल्या कोंबड्या दिसल्या, मग नाकापासून केसांपर्यंत पांढऱ्या झालेल्या पोरी. आतून कुणीतरी गरजत होतं, "पाणी कुठंय? तवा थंड पडतोय! हला!"

"हे कोण ओरडतंय?" मॅडमनी विचारलं.

"किरत," जसमेल म्हणाली.

"आपली? ती बोलते?"

किरतने त्यांच्यापुढे डाळीची वाटी आणि वाफाळता नान ठेवला. तिचं डोकं आचेने आणि हसण्याने हलकं झालं होतं. एरवी असं धाडस तिचं जन्मात झालं नसतं. "मॅडम, पुढच्या मॅचला मला चढाईला पाठवा."

मॅडमचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी आधी सावकाश घास संपवला, मग पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाठवते. पण असंच ओरडायचं. आणि दुसरा नान आण, हा अर्धा पालोने पळवला."

पुढच्या रविवारी मॅडमनी खरंच पाठवलं. पहिल्याच चढाईत चौघींनी किरतला घोटा, कंबर, हात, जिथे मिळेल तिथे धरून मातीत दाबलं. ती बाद होऊन बाहेर आली, दातात माती, आणि बाकावर बसून अशी काही खिदळली की पालोही खिदळायला लागली, आणि मॅडमना दोघींवर ओरडावं लागलं.