दोन्ही बाजूंनी रंगवलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी चित्रवही आहे आणि माझ्या पुठ्ठ्यावरचा हा गोल डाग चहाच्या कपाचा आहे. तो कुणी पाडला हे मला माहीत आहे. पण चहाड्या करण्याचा माझा स्वभाव नाही.

माझा जन्म पन्नासेक वर्षांपूर्वी जबलपूरला, ओमती मोहल्ल्यातल्या एका बाइंडरकडे झाला. मला शिवून घेतले शकुताईंनी. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि सत्तरीत त्यांना आपले लहानपण रंगवायचे होते. बाइंडर म्हणाला, "माताजी, एक ही तरफ बनाइए." शकुताई म्हणाल्या, "अच्छा? अन् मागची बाजू काहून कोरी ठेवू?" त्यांनी माझे प्रत्येक पान पुढून रंगवले आणि मागूनही रंगवले. पुढे जेवणाची खोली, मागे स्वयंपाकघर.

त्यांचे लहानपण म्हणजे नाण्यावर एडवर्ड बादशहाचे डोके होते तेव्हाचे. वडील नारायणराव कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी जेवणाचे टेबल आणि खुर्च्या घेतल्या. सिविल लाइंसमधल्या घरी येऊन जाहीर केले, की आजपासून या घरात टेबलावर जेवायचे, आणि तेही काट्याने! माझ्या पहिल्याच चित्रात नारायणराव काट्याने वरणभात खात आहेत. वरण कोटावर आहे, भात मिशीत आहे आणि चेहरा मात्र कमिशनरचा आहे.

नारायणरावांच्या आई पार्वताबाई यांनी टेबलाचा धसकाच घेतला. साहेबाने त्यावर काय काय खाल्ले असेल, कुणी सांगावे? त्या रोज त्यावर नर्मदेचे पाणी शिंपडत. तीन महिन्यांत पॉलिश गेले, सहा महिन्यांत पाय डुगडुगू लागले. शकुताई चित्रात माणसाची उंची त्याच्या धाकावरून ठरवत. त्यामुळे पार्वताबाई टेबलाहून मोठ्या आहेत आणि एकदा चहाला आलेला साहेब लाल मिरचीएवढा आहे.

शकुताई गेल्या आणि माझे हाल सुरू झाले. त्यांनी एवढ्या हौसेने रंगवलेली मी, वीस वर्षे गच्चीवर पापड उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पडून राहिले. मला अजून जिऱ्याचा वास येतो. नंतर माझ्या पुठ्ठ्याने डास मारले गेले. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

या दिवाळीत शकुताईंची पणती चिन्मयी हिला मी माळ्यावर सापडले. तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात चौपन्न अंगठे आले. ज्यांनी मला पापडांवर ठेवले होते, त्यांनीच लिहिले, 'अनमोल ठेवा!' मी फुलून गेले, आणि तिथेच फसले.

कारण पुढच्या रविवारी चिन्मयीचा काका ललित नागपूरहून गाडी काढून नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडत थेट दारात आला. पिशवीत पट्टी आणि ब्लेड.

"टेबलाची चित्रं माझ्या हॉलसाठी," तो म्हणाला. "फ्रेम करतो."

"अन् त्यांच्या मागं स्वयंपाकघर आहे ना," चिन्मयीचे बाबा आल्हाद म्हणाले, "ते मला पाहिजे."

"चलो, मग पुढचं माझं, मागचं तुझं. कागद ओला करून सोलता येतो, दादा. मी व्हिडिओ पाहून राहिलो ना कालपासून!"

आणि त्याने इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी फवारायची बाटली उचलली. मित्रांनो, मी जलरंगांची आहे! एका फवाऱ्यात नारायणरावांची मिशी वरणात वाहून गेली असती. मला ओरडता येत असते, तर अख्खे सिविल लाइंस जमा झाले असते.

"थांब, आधी कागद किती जाड आहे ते पाहू," आल्हाद म्हणाले. "चिन्मयी, पान खिडकीशी पकड जरा."

चिन्मयीने माझे पान उन्हासमोर धरले. सगळे पानावर वाकले.

पुढच्या चित्रात टेबलाभोवती नारायणराव आणि चार मुले बसली होती. सहावी खुर्ची रिकामी होती. मागच्या चित्रात शकुताईंची आई पाटावर बसून पोळ्या लाटत होती. ऊन आरपार आले आणि ती आई नेमकी त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली. आल्हादांनी दुसरे पान धरले, तिसरे धरले. प्रत्येक पानात तेच. शकुताईंनी टाचणीने टोचून टोचून जागा जुळवल्या होत्या. जी आई त्या टेबलावर एकदाही जेवली नाही, तिला त्यांनी सत्तराव्या वर्षी जेवायला बसवले होते. मला हे पहिल्यापासून ठाऊक होते, पण वहीला विचारतो कोण?

ललितने बाटली खाली ठेवली. ब्लेड पिशवीत टाकले. "नाही दादा," तो म्हणाला, "हे नाही सोलायचं."

चिन्मयीला मराठी समजते, पण बोलताना अडखळते. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. आत तिची आई विनता पोळ्या करत होती.

"मम्मी, तू पण ये ना इधर. आमच्यासोबत बस."

"तुम्ही बसा गं, मी येतेच. गरम पोळ्या होऊन जाऊ दे."

"गरम नको. ठंडी चालेल."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. मग आल्हाद उठले आणि त्यांनी गॅस बंद केला. ललितने खुर्ची ओढली. विनता पिठाच्या हातांनी बसली, आणि कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिली. पोळ्या थोड्या वातड झाल्या होत्या. सगळ्यांनी त्याच खाल्ल्या.

तर मित्रांनो, मी अखंड आहे. आता सहा महिने जबलपूरला असते आणि सहा महिने नागपूरला. माझ्यासारख्या जुन्या वह्यांना कोरड्या हातांनी उलटा, झुरळांपासून जपा, आणि पापडांवर तर मुळीच ठेवू नका. आणि तुमच्या घरी कुणी स्वयंपाकघरातून म्हणाले, 'तुम्ही बसा, मी येतेच,' तर त्यावर विश्वास ठेवू नका. शकुताईंची आईही रोज तेच म्हणायची.