नोनाच्या डोळ्यातल्या माशा

नोनाला दिसतं, ते असतं. हा आमच्या घरचा नियम. युर्लेला तो सहाव्या वर्षी सांगितला गेला, आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही हेही सांगितलं गेलं. मला कोणी काही सांगितलं नाही. मी माशा मारायची पट्टी, मला विचारतो कोण? पण आज मी बोलतेय, आणि या घरात कोणाला काय दिसतं हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

मी जन्माने बूट. नोनाचा धाकटा भाऊ कुस्तोदियो, त्याच्या उजव्या बुटाची जीभ. बुटाचा तळ गेला तेव्हा वेलेस गावच्या खोगीरवाल्याने मला कापून एका दांडीला ठोकलं. जीभ असूनही वीस वर्षं गप्प होते. त्याचं उट्टं आता काढते आहे.

आमचं घर पेरूच्या वड्यांचं. छपराखाली तांब्याची मोठी कढई, तिच्यात पेरूचा गर आणि साखर रटरटत असतात. शेजारी वेताच्या खुर्चीत नोना एर्सिलिया, म्हणजे युर्लेची आजी, आणि तिच्या मांडीवर मी. नोना कढईत एक नजर टाकते आणि म्हणते, ‘अजून नाही’, किंवा म्हणते, ‘उतरवा’. गर गडद लाल झाला की उतरवायचा. या एका नजरेवर पन्नास वर्षं वड्या खपल्या. साखर नोनाच्या कढईत आहे तशी रक्तातही आहे, पण त्या दुसरीबद्दल घरात बोलत नाहीत.

जिथे पेरू तिथे माशा, त्यामुळे मला कामाला तोटा नव्हता. माणसांची गंमत बघा. माशी बसली की यांना शिसारी येते, आणि कुस्तोदियो खिशातून भाजलेल्या मुंग्या काढून दिवसभर कुडुमकुडुम खात असतो.

मग ऐन हंगामात नोना मला रिकाम्या हवेतच फिरवू लागली. सपकन उठायचं, सपकन आपटायचं, आणि खाली बघावं तर काहीच नाही. आधी मला माझीच शंका आली. म्हटलं, वय झालं आपलं, नेम चुकतोय.

“तिकडे तीन आहेत,” नोना म्हणाली.

कुस्तोदियोने तिकडे पाहिलं. “चार आहेत, ताई.”

“एक तर आत्ता माझ्या कानाशी गुणगुणून गेली,” नोनाची थोरली लेक ओफेलिया म्हणाली. ती वड्या पानात गुंडाळत बसलेली असते.

आठवडाभरात सगळं घर माशा मारत बसलं होतं, आणि माझ्या चामड्यावर डाग म्हणून नव्हता.

त्यात युर्ले सुट्टीवर आली. बुकारामांगा शहरात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोरीला घाई फार. बॅग खांद्यावरच होती, तोवर मला उचलून उलटंपालटं करून झालं.

“नोना, ही तर कोरी आहे. एक माशी मेलेली नाही.”

“चपळ आहेत,” कुस्तोदियो म्हणाला.

“तुम्ही बघितल्या?”

“युर्ले, तुम्ही शिकलात म्हणून आम्ही आंधळे झालो नाही.”

आमच्या भागात कुत्र्यालाही अहो-जाहो करतात. त्यामुळे भांडणाला लज्जत येते.

युर्ले नोनासमोर जमिनीवरच बसली. “नजर फिरवली की माशाही फिरतात?”

“माशा आहेत. फिरणारच.”

“आणि कधीपासून?”

“तीन आठवडे. आधी नुसतं कोळिष्टक आल्यासारखं झालं होतं.”

“त्या माशा नाहीत, नोना. रक्त आहे. डोळा आतून तुमच्या पेरूच्या जेलीसारखा असतो. साखरेने मागच्या पडद्यावर कच्च्या नळ्या उगवतात, त्या फुटतात आणि रक्त त्या जेलीत उतरतं. दहाच्या बसने माझ्याबरोबर चला. डॉक्टर बाहुली मोठी करून आत बघतील. गळती लेसरने थांबवता येते. पण पडदा सुटत असेल, तर तो हंगाम संपायची वाट बघणार नाही. दृष्टी जाईल.”

“माझ्या आजीलाही म्हातारपणी माशा दिसायच्या,” ओफेलिया म्हणाली. “पुढे दिसेनाशा झाल्या.”

“बाकीचं दिसत होतं, मावशी?”

ओफेलिया पानं मोजायला लागली.

तुमच्या घरात कोणी रिकाम्या हवेत हात मारत असेल, तर खुशाल हसा, पण हसत हसत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. माझ्या भरवशावर राहू नका. मला फक्त खऱ्या माशा कळतात.

“बसचं नंतर बघू,” नोना म्हणाली आणि कढईत नजर टाकली. “लाल झालं. उतरवा.”

कढईत साखर पडून अर्धा तासही झाला नव्हता. गर फिकट गुलाबी होता. मला दिसत होता, ओफेलियाला दिसत होता.

“काय रंग आलाय,” कुस्तोदियो म्हणाला आणि त्याने कढईच्या कड्यात दांडा घातला.

युर्ले मध्ये उभी राहिली. “नाही उतरवायची.”

“ताईंनी सांगितलं.”

“ताईंना दिसत नाहीये.”

हे वाक्य त्या छपराखाली आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. ते पुरतं कानात शिरायच्या आत युर्लेने मला उचललं आणि नोनाच्या डाव्या डोळ्यावर धरलं. बुटाची जीभ पहिल्यांदाच डोळ्यावरची पट्टी झाली.

“आता कसं दिसतंय?”

“लाल,” नोना म्हणाली.

युर्लेने मला उजव्या डोळ्यावर सरकवलं. “आणि आता?”

नोना बघत राहिली. कढई बघितली, कुस्तोदियोचं तोंड बघितलं, पुन्हा कढई.

“लाल आहे, हो म्हणा, युर्ले,” कुस्तोदियो हळूच म्हणाला. “मोठ्यांचा मान असतो.”

“नाही म्हणणार. लाल कढईत नाही, त्यांच्या डोळ्यात आहे. तुम्ही सगळे तीन आठवडे हो हो करत त्यांना आंधळं करताय.”

हे मी तिथूनच बोलतेय, नोनाच्या उजव्या डोळ्यावरून. युर्लेने दांडी कधीच सोडली आहे, आता नोनाने स्वतःच मला धरलंय. माझ्याखाली तिची पापणी फडफडतेय. कुस्तोदियोने दांडा खाली ठेवला. डाव्या डोळ्याने कढईत बघत नोना म्हणते, “अजून नाही.”