भित्र्या चेंडूचा परदेश दौरा

मित्रांनो, मी एक जुना रग्बीचा चेंडू आहे, आणि आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. लाथा खाण्यात जन्म गेला, पण भीती काही गेली नाही.

जालंधरच्या एका कारखान्यात चार पाकळ्या शिवून माझं लांबट अंग तयार झालं. आत रबरी फुगा बसवला गेला आणि मी लोणावळ्याला आलो. तुंगार्लीच्या मैदानावर अम्मारा आणि सुमय्या खेळायच्या, त्या मुलींच्या रग्बी क्लबात माझी उमेदीची वर्षं गेली. एकदा काट्याने माझा फुगा फुटला. सगळे म्हणाले, फेकून द्या. पण अम्माराच्या अब्बांचं, वाहिदभाईंचं, उर्से टोलनाक्याजवळ पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी मला उसवलं, ठिगळ लावलं आणि परत शिवलं. "अजून दम आहे याच्यात," असं ते म्हणाले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पुढे आमच्या प्रशिक्षक रंजना मॅडम डोंगरावरच्या वाडीतल्या मुलींनाही शिकवू लागल्या. तिथली येसू सोळा वर्षांची. चढावर ती अनवाणी अशी सुसाट पळायची, की निसटून दरीत पडेन म्हणून मी तिच्या काखेला घट्ट चिकटून बसायचो. एक दिवस श्रीलंकेतल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. सात-सात जणींचा खेळ, बाकीच्या राखीव. क्लबातल्या सात आणि वाडीतल्या पाच मिळून एक संघ झाला.

निघण्याच्या दिवशी वाहिदभाई मॅडमना म्हणाले, "जिंका नाहीतर हरा, माझं काही म्हणणं नाही. पण माझी मुलगी स्ट्रेचरवरून घरी आली, तर तिचं खेळणं संपलं."

येसूची आई बायडाबाई पदर सावरत म्हणाली, "माजी येसू बी मग न्हाई जायची. वाडीतली एक बी पोरगी न्हाई जायची."

ते ऐकूनच मी अर्धा गळालो होतो. उरलेली हवा मॅडमनी विमानासाठी सोडली. अंधाऱ्या बॅगेत चपटा होऊन पडल्या पडल्या मला एकच दिसत होतं, स्ट्रेचर.

तिथलं मैदान निसरडं होतं. समोरच्या मुली आमच्यापेक्षा हातभर उंच. वाडीतल्या मुलींना बूट चावत होते. क्लबातल्या मुली सवयीने एकमेकींनाच पास देत होत्या. सामन्यात यजमानांचा नवा चेंडू होता, त्यामुळे सरावापुरती हवा भरून मला कडेला बाकाखाली ठेवलं होतं. माझ्या जिवावर बेतलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. नुसतं बघत बसणं फार वाईट.

पहिल्याच सामन्यात अम्मारा चेंडू उचलायला वाकली. डावीकडून एक धिप्पाड मुलगी तिच्या अंगावर धावत येत होती. अम्माराला ती दिसत नव्हती. येसूला दिसली. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "ताई! ताई!"

वाडीत थोरल्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. क्लबातल्या सातही जणी येसूसाठी ताईच. घरच्या सरावात कुणी असं चाल करून येत नव्हतं, म्हणून ते खपून गेलं होतं. इथे तीन ताया एकदम वळल्या. कुणाला हाक मारली, ते कुणालाच कळेना. अम्मारानेही मान वर केली आणि तेवढ्यात तो धक्का बसला.

ती पडली आणि उठेना. स्ट्रेचर आलं. मित्रांनो, चेंडूला रडता येत नाही, पण माझ्या ठिगळातून त्या दिवशी हवा सुटली.

नशीब थोर. मान शाबूत होती, खांद्याला मुका मार होता. डॉक्टरांनी तिला दिवसभर बसवून ठेवलं आणि उद्या परत तपासू म्हणाले. तंबूत येसू हुंदके देत होती. मॅडमनी विचारलं, "नाव का नाही घेतलंस?"

"थोरल्या भनीचं नाव कसं घ्यायचं, मॅडम? आय काय म्हनंल?"

अम्माराने चांगल्या हाताने मला उचलून येसूच्या मांडीवर ठेवलं. "मला नको म्हणूस. याला म्हण. अम्मारा."

येसूने सगळ्यांकडे बघून नकारार्थी मान हलवली. मग तिने मला तोंडाजवळ धरलं आणि सगळ्या बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "अम्मारा." मग, "सुमय्या." एकेक करून सातही नावं झाली. प्रत्येक नावाआधी ती जीभ चावत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच संघाशी गाठ पडली. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि अम्मारा मैदानात उतरली. शेवटची दोन मिनिटं उरली असताना ती परत वाकली. तीच धिप्पाड मुलगी, तीच डावी बाजू. येसूचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आता ही ताई म्हणणार, या भीतीने माझी शिवण न् शिवण आवळली.

"अम्मारा! डावीकडं! सरक!"

अम्मारा सरकली. ती मुलगी बाजूने घसरत पुढे गेली.

तो सामना आम्ही हरलो. पण बाराही जणी आपापल्या पायांनी चालत बाहेर आल्या.

परतताना गाडी उर्स्याला थांबली. वाहिदभाई धावतच आले. लेकीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून त्यांनी येसूला विचारलं, "कशी खेळली आमची?"

"लय भारी खेळल्या अम्माराताई," येसू मान खाली घालून म्हणाली.

अम्मारा मोठ्याने हसली. मग खांद्याचं सगळं तिने स्वतःच अब्बांना सांगितलं. वाहिदभाई मला घेऊन दुकानात गेले आणि त्यांनी माझं ठिगळ बदललं. तेच त्यांचं उत्तर होतं.

आता नवे चेंडू आलेत आणि मी बहुतेक वेळ जाळीच्या पिशवीत तळाशी असतो. धूळ खातो, उंदरांना भितो. पण वाडीतली एखादी नवी पोर आली, की येसू मला शोधून काढते, तिच्या हातात देते आणि सांगते, "हितं ताई न्हाई. माजं नाव घे."

पोर लाजते. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला फेकू नका, हवा तेवढी भरत जा. त्या पोरीला अजून येसू म्हणायचं आहे, आणि ते पहिल्यांदा ती मलाच म्हणणार आहे.